मिटींग की मीटिंग? इंग्रजीतल्या ऱ्हस्व-दीर्घ स्वरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत संध्याकाळी साडेसहाला आमचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग भरतो. निफाड-दिंडोरीहून एसटीने येणारी मुलं, सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधून शिफ्ट संपवून आलेली मंडळी आणि पोरांचा अभ्यास घेता यावा म्हणून आलेल्या आया, असा गोतावळा असतो. व्याकरणाच्या शंका कमी, उच्चारांच्या फार. त्याच त्या शंका दर बॅचला निघतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिलेत, जिथे घोटाळा होईल तिथे अर्थ दिलाय.

ऱ्हस्व-दीर्घ तर मराठीतही आहे. मग इंग्रजीत आपलं अडतं कुठे?

मराठीत आहे, पण ते बरंचसं कागदावर. बोलताना आपण वेलांटी बघत नाही, तिची जागा बघतो. फूल म्हणताना ऊ लांब, फुलं म्हणताना आखूड. तीळ लांब, तिळाचे लाडू आखूड. ऊस-उसाचा, मूल-मुलं, विहीर-विहिरी, सगळीकडे तेच. शब्द तोच, अर्थ तोच, फक्त मागे एखादं अक्षर लागलं की स्वर आपोआप आखडतो. कुणी शिकवावं लागत नाही, दोन वर्षांचं पोरही बरोबर बोलतं.

आपल्या गावाचंच नाव मोठ्याने म्हणून बघा. लिहायचं 'नाशिक', शि ऱ्हस्व. पण पुण्याच्या स्टँडवर कंडक्टर ओरडतो ते 'नाशीऽक, नाशीऽक'. शेवटी व्यंजन आलं की त्याच्या आधीचा इ-उ आपण ताणतोच. लिहिलेलं काहीही असो.

दिन आणि दीन, सुत आणि सूत, शिर आणि शीर या जोड्या आपण शाळेत पाठ केल्या. पण वर्गात मी 'दिन' म्हणते की 'दीन', हे नुसतं ऐकून सांगा म्हटलं तर हात वर होत नाहीत. संदर्भावरून कळतं, कानावरून नाही. इंग्रजीत उलट आहे. तिथे शिप म्हणजे जहाज आणि शीप म्हणजे मेंढी, आणि निवाडा त्या एका स्वरावर होतो. आपला कान मंद नाही. तो मराठीचा नियम इमानेइतबारे पाळतो, एवढंच.

सगळे 'मिटींग'च लिहितात. त्यात चूक काय?

हा माझा आवडता शब्द आहे, कारण त्यात आपली सगळी सवय एका जागी सापडते. इंग्रजीत पहिला स्वर दीर्घ, दुसरा ऱ्हस्व: मीटिंग. आपण नेमकं उलटं करतो. पुढे अक्षर आहे म्हणून पहिला आखडतो, शेवटी व्यंजन आहे म्हणून दुसरा ताणतो. झालं 'मिटींग'. महावितरणचं 'मिटर रिडींग', रिक्षाच्या पाठीवरचे 'इंग्लिश स्पिकींग' क्लासेस, 'क्लिनींग', 'टिचर', 'लिडर', सगळी एकाच कुळातली. दुसऱ्या टोकाला ट्रॅफीक, प्लास्टीक, क्लिनीक, म्युझीक, ऑफीस. हे सगळे शब्द 'नाशीक'च्या चालीवर म्हटलेले आहेत.

मराठी बोलताना यात काही वाईट नाही. टिकटाचं तिकीट झालं, ते आता आपलं आहे. इंग्रजी बोलताना मात्र मीटिंग, टीचर, ट्रॅफिक म्हणा.

इंग्रजीत स्वर पाचच ना?

अक्षरं पाच. आवाज प्रमाण ब्रिटिश उच्चारात सुमारे 20. पाच खुर्च्यांवर वीस माणसं बसवली की जे होतं तेच स्पेलिंगचं झालंय. आपल्याकडे एक चिन्ह, एक आवाज अशी सोय आहे, म्हणून आपल्याला तो गोंधळ जास्त टोचतो.

दीर्घ म्हणजे स्वर जास्त वेळ ताणायचा, बरोबर?

अर्धंच बरोबर, आणि याच अर्ध्यावर बहुतेक जण अडकतात. शिप आणि शीप यांत वेळेचा फरक आहेच, पण त्याहून मोठा फरक जिभेचा आहे. शीपमधल्या ई साठी जीभ टाळूच्या जवळ, पुढे आणि ताठ, ओठ किंचित फाकलेले. शिपमधल्या इ साठी जीभ जरा खाली येते आणि सैल सुटते, स्वराला ए ची पुसटशी छटा येते. आपण आपला मराठी ई तेवढाच ठेवून नुसता तोडून म्हणतो, म्हणून इंग्रजी कानाला तो घाईत म्हटलेला शीपच वाटतो.

वेळ फसवी असते, त्याचं उदाहरण देते. बीट (ठोका) आणि बीड (मणी) दोन्हीकडे दीर्घ ई. पण शेवटी ट आला की इंग्रजीत आधीचा स्वर आखडतो आणि ड आला की लांबतो. त्यामुळे बिड (लिलावातली बोली) मधला ऱ्हस्व इ जवळपास बीट मधल्या दीर्घ ई एवढाच वेळ घेतो. घड्याळ लावून शिकायला गेलात तर पदरी काही पडणार नाही. लासलगावच्या एका विद्यार्थ्याला हे एका मिनिटात कळलं. म्हणाला, "मॅडम, म्हणजे बोली किती वेळ पुकारली याला किंमत नाही, काय पुकारलं याला आहे."

घरी करायला सोपी खूण: मिसळ आणि मीठ. 'मिसळ' मधला मि सैल सोडा, तो इंग्रजी ऱ्हस्वाच्या खूप जवळ आहे. 'मीठ' मधला मी ताठ ठेवा, तो दीर्घ. मिसळीतला मि घेऊन मिस, फिल, सिट, लिव्ह म्हणा. मीठातला मी घेऊन मीट, फील, सीट, लीव्ह. (शुद्धलेखनाप्रमाणे 'मिठातला' लिहायला हवं, पण तसं लिहिलं की स्वर लगेच आखडतो आणि माझी खूणच बुडते.)

उ आणि ऊ चं पण असंच का?

असंच. दारावर 'पुल' लिहिलेलं असतं, म्हणजे ओढा, तो ऱ्हस्व. पूल म्हणजे पोहण्याचा तलाव, दीर्घ, आणि उच्चार थेट आपल्या रामवाडीच्या पुलाचा. म्हणजे 'रामवाडी पूल' मधल्या पुलाचा, तो वरचा मिठाचा घोळ इथेही आहेच. फुल (भरलेलं) आणि फूल (मूर्ख) यांत गफलत झाली तर समोरचा क्षणभर थबकतो. 'माय ग्लास इज फूल' हे मी वर्गात दर महिन्याला ऐकते.

दोन ओ च्या स्पेलिंगबद्दलही विचारतात. फूड, मून, स्कूल दीर्घ. गुड, फुट ऱ्हस्व. ब्लड आणि फ्लड यांचा तर सरळ अ झाला. जुना दीर्घ स्वर काही शब्दांत लवकर आखडला, काहींत उशिरा, काहींत नाहीच, त्याचा हा पसारा. एक कामाचं सांगते: दोन ओ नंतर के आला की बहुतेक ऱ्हस्वच. बुक, लुक, कुक, हुक. तेव्हा 'चेकबूक' आणि 'फेसबूक' विसरा.

इ-उ जमलं. आता आणखी काही उरलं का?

उरलं, आणि माझ्या मते हेच जास्त अवघड आहे, कारण इथे आपल्याकडे अक्षरच नाही. मराठीत ए एकच, आणि तो दीर्घ. इंग्रजीत दोन.

मेन रोडचंच घ्या. रविवार कारंजावरून आत शिरलात की दुकानांवर 'मेन्स वेअर' च्या पाट्या, आणि रस्त्याचं नाव मेन रोड. मराठीत दोन्ही 'मेन'. इंग्रजीत पुरुषांचा मेन ऱ्हस्व, पटकन संपणारा. मुख्य या अर्थाचा मेन दीर्घ, आणि तो ए वर थांबत नाही, शेवटी इ कडे घसरतो: मेइन. मी एकदा फळ्यावर विचारलं, "मेन रोड म्हणजे पुरुषांचा रस्ता का?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "लग्नसराईत नाही."

अशा जोड्या ढीगभर आहेत. मिळणे या अर्थाचा गेट आणि फाटकाचा गेइट. ओला या अर्थाचा वेट आणि थांबण्याचा वेइट. विकण्याचा सेल आणि दिवाळीत लागतो तो सेइल. परीक्षेची टेस्ट आणि चवीची टेइस्ट. लिहायचं पेन आणि दुखण्याचं पेइन. कर्ज आणि तारीख, दोन्ही आपल्या लेखी 'डेट'. मिरी आणि कागद, दोन्ही 'पेपर'. हॉटेलात 'पेइपर' मागितलात तर वेटर मिरीऐवजी टिश्यू आणून देईल, आणि चूक त्याची नसेल.

कन्नड आणि तेलुगूमध्ये ऱ्हस्व ए ला वेगळं अक्षर आहे, त्यामुळे त्या लोकांना हा फरक आयता ऐकू येतो. आपल्याला तो घडवावा लागतो. ऱ्हस्वासाठी 'एक्का' म्हणताना ए जसा घाईत उरकतो, तसा उरका. दीर्घाला मुद्दाम इ ची शेपटी लावा. आठ दिवस विचित्र वाटेल, नंतर तोंडात बसेल.

ओ चं थोडक्यात: गो, रोड, होम यांतला ओ असाच उ कडे घसरतो. आणि कॉट, हॉट यांतला ऑ तर आता आपलाच झालाय. आजोबा 'हाटेल', 'डाक्टर' म्हणायचे, नातू हॉटेल-डॉक्टर म्हणतो. 2009 च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत जागाही दिली. ऱ्हस्व ए ला अजून कुणी जागा दिलेली नाही.

मुलीच्या शाळेत 'लाँग आय' म्हणजे 'आय' शिकवतात. आणि तुम्ही म्हणता दीर्घ इ म्हणजे ई. खरं कोणाचं?

दोघांचं, कारण शब्द एकच असला तरी हिशेब दोन आहेत. शाळेतल्या फोनिक्समध्ये अक्षर स्वतःचं नाव उच्चारतं त्याला लाँग म्हणतात: केक मध्ये ए, काइट मध्ये आय, होम मध्ये ओ, क्यूट मध्ये यू. तो स्पेलिंगचा हिशेब. मी सांगते तो कानाचा. मुलीशी वाद घालू नका, तिच्या वर्गात तिचंच बरोबर. काइट मधला 'आइ' हा खरं तर इ चा लांब भाऊ वाटतही नाही, आणि त्याला तसं का म्हणतात हे पुढच्या उत्तरात.

हे असं का झालं? कुणी ठरवलं?

कुणीच नाही. सहाशे वर्षांपूर्वी इंग्रजी स्पेलिंग आणि उच्चार बरेच जुळलेले होते. तेव्हा 'नेम' चा उच्चार होता जवळजवळ 'नाम', शेवटी पुसटसा अ. हो, आपलाच नाम. संस्कृत नामन् आणि इंग्रजी नेम एकाच मुळाचे, आणि त्या काळात कानालाही सख्खे वाटले असते. माउस होता 'मूस', मूषकाचा भाऊबंद. टाइम होता 'टीम' सारखा.

मग साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर जागा सोडून हलले. आ वर सरकत ए झाला, ए चा ई झाला, ई ला वर जागाच उरली नाही म्हणून तो फुटून आइ झाला. तिकडे ऊ फुटून आउ झाला. ऱ्हस्व स्वर मात्र बहुतेक जागच्या जागी राहिले. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने याला 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट' असं नाव दिलं. म्हणून शाळेतला 'लाँग आय' आज आइ आहे. तो एके काळी खरंच लांब ई होता.

घोळ वाढला तो छपाईने. विल्यम कॅक्स्टनने 1476 साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, स्पेलिंग हळूहळू कागदावर गोठू लागलं आणि उच्चार पुढे चालत राहिले. छापलेलं सहजी बदलत नाही, हे नोटांच्या प्रेसच्या गावाला मी काय सांगावं.

शेवटच्या मुक्या 'ई' मुळे स्वर दीर्घ होतो, हा नियम खरा आहे?

पुष्कळसा. हॅट-हेट, किट-काइट, हॉप-होप, कट-क्यूट. तो ई आज मुका असला तरी बरेच ठिकाणी एके काळी बोलला जायचा, वरच्या 'नाम' मधल्या पुसट अ सारखा. मागे अक्षर आलं की आपल्याकडे स्वर आखडतो, त्यांच्याकडे अशा जागी तो ताणला गेला. नंतर शेवटचा अ गळला, अक्षर राहिलं.

तो नियम हॅव, गिव्ह, लिव्ह इथे पडतो. कारण साधं आहे: इंग्रजीत शब्द व्ही वर संपवायची रीत नाही, म्हणून तिथे ई नुसता टेकू दिलाय. कम, सम, डन हे सरळ पाठ करा.

याच्या जोडीचा एक नियम खूप उपयोगी आहे. मध्ये व्यंजन जोडीने आलं की आधीचा स्वर ऱ्हस्व. डिनर मध्ये दोन एन, डायनर मध्ये एक. हॉपिंग (उड्या मारणे) मध्ये दोन पी, होपिंग (आशा करणे) मध्ये एक. नोकरीच्या अर्जात 'आय ॲम हॉपिंग' असं स्पेलिंग मी स्वतः वाचलंय. चित्र डोळ्यांसमोर येतं.

नेशन पण नॅशनल, चाइल्ड पण चिल्ड्रन. हे कसं?

हे आपल्या फूल-फुलं चं चुलत भावंड आहे. शब्द मागे लांबला की आधीचा स्वर आखडतो: नेचर-नॅचरल, डिव्हाइन-डिव्हिनिटी, वाइल्ड-विल्डरनेस. चाइल्ड मध्ये एल-डी च्या जोडीपुढे जुना इ लांबला आणि पुढे आइ झाला. चिल्ड्रन मध्ये त्या जोडीला तिसरं व्यंजन येऊन मिळालं, म्हणून तिथे तो ऱ्हस्वच राहिला.

यामुळे खरंच कुणाचं नुकसान होतं का? समजून घेतात की लोक.

बहुतेक वेळा घेतात. आकड्यांत घेत नाहीत. माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी बंगळूरच्या एका पुस्तकविक्रेत्याला फोन करून वर्गासाठी पंधरा छोटे शब्दकोश मागवले. फिफ्टीन म्हणाले, म्हणजे मला तसं वाटलं. चार दिवसांनी रिक्षावाल्याने दारात दोन खोकी उतरवली. पन्नास. परत पाठवायचा खर्च परवडेना.

पंधरा म्हणताना जोर शेवटी, टीन वर, आणि ई पूर्ण दीर्घ. पन्नास म्हणताना जोर पहिल्या फिफ वर, आणि टी आखूड. मी मराठी पद्धतीने दोन्ही अक्षरांवर सारखाच जोर दिला, शब्दाच्या शेवटचा ई ताणायची सवय होतीच, आणि न फोनमध्ये गिळला गेला. आता फोनवर मी 'वन फाइव्ह' असं सुटं सांगते. उच्चार शिकवणाऱ्या बाईने हे कबूल करायला नको, पण करते. त्यातले काही शब्दकोश अजून कपाटावर आहेत, कुणाला हवे तर न्या.

काही शब्द चुकले तर अश्लील होतात म्हणे. कोणते?

वर्गात हा प्रश्न बहुधा तास संपल्यावर, हळू आवाजात येतो. कागदाचा शीट आणि समुद्राचा बीच हे दोन. दोन्हीकडे दीर्घ ई, मिठाचा. आखूड झाला की शिवी होते. भीती वाटत असेल तर पर्याय घ्या: 'पेपर' म्हणा, 'सीशोअर' म्हणा. यात काही कमीपणा नाही.

शब्दकोशातल्या खुणा कशा वाचायच्या?

स्वराच्या पुढे विसर्गासारखे दोन ठिपके (नीट बघितलं तर ते छोटे त्रिकोण असतात) म्हणजे दीर्घ. काही अमेरिकी शब्दकोशांत अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ म्हणजे लाँग, चंद्रकोर म्हणजे शॉर्ट. शाळेत वृत्त ओळखताना लघूला चंद्रकोर आणि गुरूला आडवी रेघ काढली असेल, तीच खूण समजा. आडवी रेघ मात्र शाळेच्या हिशेबाची असते, म्हणजे आय वर रेघ असेल तर 'आय'.

आयदर की ईदर? व्हिटॅमिन की वायटमिन?

दोन्ही चालतात. व्हिटॅमिन आणि प्रिव्हसी ब्रिटिश वळणाचे, वायटमिन आणि प्रायव्हसी अमेरिकी. एक धरा आणि त्यावर टिका. यावर भांडणारे लोक सहसा शिप-शीप चुकवत असतात.

घरी सराव कसा करू? वय पंचेचाळीस आहे.

वयाचं सोडा. मोबाईलवर इंग्रजी व्हॉइस टायपिंग लावा आणि एकेक शब्द म्हणा: शिप, शीप, फिल, फील, गेट, गेइट. काय उमटतं ते बघा. पूर्ण वाक्य म्हणू नका, कारण मग मोबाईल संदर्भावरून अंदाज बांधतो आणि तुमची चूक झाकतो. रोज दहा शब्द पुरे. बोलण्याआधी ऐकण्याचा सराव करा: घरातल्या कुणाला जोडीतला एक शब्द म्हणायला सांगा, तुम्ही पाठमोरं उभं राहून ओळखा. आधी कान तयार होतो, जीभ मागून येते.

उद्या मुलाखत आहे. एकच गोष्ट सांगा.

'लिव्ह'. कुठे राहता हे विचारतीलच. 'आय लीव्ह इन नाशिक' म्हणालात तर निघायच्या गोष्टी चालल्यात असं वाटेल. मिसळीतला मि घ्या, सैल सोडा: आय लिव्ह इन. आणि पुढचं 'नाशीक' आपण म्हणतो तसंच म्हणा, शी ताणून. ते नाव आपलं आहे.